अर्ध्या रुपयाची शिक्षा

नवी भाषा शिकतांना अपरिचित शब्दांपेक्षां परिचित शब्दच अधिक दगा देतात, असा माझा अनुभव आहे. मराठींत ‘शिक्षा’ म्हणजे दंड. हिंदींत तिचाच अर्थ शिक्षण. ज्याला मराठी मुळींच येत नाहीं, तो त्या हिंदी शब्दाचा अर्थ निमूटपणें विचारून घेतो. घसरतो तो मराठी माणूसच. संगणकाच्या भाषांचेंही असेंच आहे.

सांगलीस तीस वर्षें मीं ‘सी’ भाषेंत आज्ञावली लिहिल्या. गेल्या वर्षीं साताऱ्यास धाकट्या बंधूंकडे गेलों असतां, पुतणीनें एका पतसंस्थेच्या व्याजाचा हिशेब ‘पायथॉन’ भाषेंत मांडलेला पाहिला. जुन्या हिशेबाशीं तो कांहीं रुपयांनीं जुळेना. “तुझीच कांहींतरी हयगय झाली आहे,” असें मीं तिला घरच्या मंडळींदेखत बजावलें. बिचारी दोन रात्री आंकडे तपासीत बसली.

तिसऱ्या दिवशीं ती म्हणाली, “काका, हें जरा पाहतां का?” पूर्णांक करण्याची ‘राउंड’ ही आज्ञा दोन्ही भाषांत आहे. अडीचाचे ‘सी’ तीन करते. पायथॉननें दोन केले! साडेतिनांचे मात्र दोघीही चारच करतात.

शाळेंत आपण अर्धा नेहमीं वर चढवितों. त्यामुळें पुष्कळ रकमांची बेरीज हळूहळू एकाच बाजूस झुकते. म्हणून २००८ सालीं आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून पायथॉन नेमका अर्धा आला कीं जवळच्या सम संख्येकडे जाते. पतसंस्थेच्या नियमांत अर्धा वरच धरावयाचा होता. तसें तिनें स्पष्ट लिहितांच बेरीज जुळली.

मग मीं इतर ओळखीच्या खुणाही तपासल्या. उणें सातांस दोनांनीं पूर्णांकांत भागिलें, तर ‘सी’ उणें तीन सांगते आणि पायथॉन उणें चार: एक शून्याकडे वळते, दुसरी खालीं उतरते. दोन्ही रीती सुसंगतच. परंतु एकीच्या संवयीनें दुसरी वाचूं नये.

ती ‘राउंड’ची ओळ पहिल्याच दिवशीं माझ्या नजरेखालून गेली होती. शब्द ओळखीचा, म्हणून मी तेथें थांबलोंच नाहीं. ज्यांच्यादेखत पुतणीला बोललों होतों, त्यांच्याचदेखत मीं माझी चूक कबूल केली. शिक्षा मला मिळाली खरी; मराठी आणि हिंदी, दोन्ही अर्थांनीं.