पुकाकीच्या काठावरची रात्र आणि गाडीतील दोन बॅटऱ्या

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर ख्राइस्टचर्चहून निघून जेराल्डिन, फेअर्ली अशी गावे मागे टाकीत आपण बर्क्स पास ओलांडता आणि मॅकेन्झीचे पठार समोर उघडते. झाडे जवळजवळ संपतात, पिवळे गवत सुरू होते. थोड्याच वेळात टेकापोचे सरोवर दिसते. हिमनदीने दळलेल्या दगडाचे पीठ पाण्यात तरंगत असल्याने त्याला दुधाळ निळा रंग आलेला असतो. पुढे त्याहून मोठे पुकाकी, आणि त्याच्या टोकाशी 3,724 मीटर उंचीचे आओराकी, म्हणजेच माउंट कुक. मुलाबाळांकडे गेलेली आपल्याकडील अनेक ज्येष्ठ मंडळी हा प्रवास मोटरहोममधून करतात. पलंग, शेगडी, शौचालय सारे बरोबर असल्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांस वा वारंवार लघवीला उठावे लागणाऱ्यांस हा प्रवास हॉटेलांच्या पायऱ्यांपेक्षा खरोखर सुखाचा होतो.

मात्र या घराची वीज कोठून येते, हे आपणांस ठाऊक असावयास हवे. आपण रात्री झोपेत श्वास अडखळू नये म्हणून सीपॅप यंत्र लावीत असाल, किंवा आपल्या सोबतच्या व्यक्तीचे इन्सुलिन गाडीतील फ्रिजमध्ये असेल, तर ही माहिती केवळ चालकाची नव्हे, आपलीही आहे.

मोटरहोममध्ये बॅटऱ्या दोन प्रकारच्या असतात. पहिली इंजिन सुरू करणारी, म्हणजे स्टार्टर बॅटरी. ती काही सेकंद प्रचंड प्रवाह देते आणि पुन्हा भरून घेते. तिला सावकाश रिकामे करणे तिच्या प्रकृतीस मानवत नाही. दुसरी घराची बॅटरी. दिवे, पंप, फ्रिज, हीटरचा पंखा आणि आपले यंत्र तिच्यावर चालते. भारनियमनाच्या काळात आपल्या घरोघरी आलेल्या इन्व्हर्टरची बॅटरी आठवा; ही त्याच जातीची. इंजिन चालू असताना दोन्ही भरतात. इंजिन थांबले की त्या एकमेकींपासून तोडल्या जातात, जेणेकरून रात्रीच्या दिव्यांनी सकाळचे इंजिन अडू नये. त्यामुळे दोहोंचे आकडे निरनिराळे पाहावे लागतात. डॅशबोर्डजवळचा आकडा उत्तम दिसला म्हणजे रात्रीची सोय झाली, असा समज अनेकांचा असतो; तो आकडा बहुधा इंजिनाच्या बॅटरीचा असतो, आपल्या श्वासाच्या यंत्राचा नव्हे. गाडी ताब्यात घेतानाच विचारून घ्यावे: कोणते बटण कोणती बॅटरी दाखविते, आणि घराची बॅटरी शिशाची आहे की लिथियमची?

शिशाची 12 व्होल्टची बॅटरी पूर्ण भरून शांत असता 12.6 ते 12.7 व्होल्ट दाखविते. 12.2 च्या आसपास ती निम्मी उरलेली असते, आणि त्याखाली तिला वारंवार नेल्यास तिचे आयुष्य घटते. 11.8 म्हणजे जवळजवळ रिकामी. पण हे ‘शांत असता’ महत्त्वाचे. नुकत्याच थांबलेल्या गाडीत आकडा फुगलेला दिसतो, आणि पंप चालू असताना तो खाली झुकतो. लिथियमच्या बॅटरीत तर व्होल्ट पाहून फारसे कळतच नाही. बराच काळ आकडा 13 च्या थोडा वर स्थिर राहतो आणि शेवटी एकाएकी कोसळतो. तिच्यासाठी येणारा-जाणारा प्रवाह मोजून टक्केवारी सांगणारा मीटर लागतो. पावसाळ्यात आपण वर्तमानपत्रात कोयनेची आवक आणि विसर्ग वाचतो ना, तोच हिशेब. योगायोग असा की पुकाकी हाही न्यूझीलंडच्या जलविद्युतीचा सर्वांत मोठा साठा आहे, आणि त्याच्या पातळीकडे तेथील लोकही असेच लक्ष ठेवून असतात.

आता मुक्कामाचा हिशेब. माउंट कुकच्या पायथ्याशी व्हाइट हॉर्स हिल नावाचे तळठिकाण आहे. तेथे शौचालय आहे, आसरा आहे, पण गाडीला वीज जोडण्याची सोय नाही. समजा, आपली शिशाची बॅटरी 100 अँपिअर-तासांची आहे. त्यातील निम्मेच वापरावे, म्हणजे 50. मे महिन्यात तेथे शरद ऋतू सरत असतो, रात्री पारा शून्याखाली जातो, आणि शून्य अंशाला शिशाची बॅटरी सुमारे पंचमांश क्षमता गमावते. उरले 40. बाष्प देणारा भाग बंद ठेवल्यास सीपॅप साधारण एक ते दीड अँपिअर घेते, म्हणजे आठ तासांत 8 ते 12. फ्रिज आणि हीटरचा पंखा मिळून आणखी 25 ते 30. कसेबसे भागले. पण ऊब आणि बाष्प देणारा भाग चालू ठेवल्यास यंत्राची भूक तिप्पट-चौपट होते, आणि पहाटे तीनच्या सुमारास ते बंद पडू शकते. तो भाग काही रात्री बंद ठेवता येईल का, हे निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारावे. यंत्रासाठी 12 व्होल्टचा जोडणीसंच घ्यावा. इन्व्हर्टरमधून चालविल्यास वीज वाया जाते.

रात्री घरगुती ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागणाऱ्यांनी मात्र विजेच्या जोडणीविना मुक्काम करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते यंत्र सुमारे 300 वॅट घेते. वरील बॅटरी त्याला दोन तासही पुरणार नाही. ट्वायझेल गाव तेथून सुमारे 65 किलोमीटर मागे, आणि तिमारूचे रुग्णालय दोनशे किलोमीटरहून दूर.

इन्सुलिनची चिंता तुलनेने कमी. वापरात असलेले पेन साधारण चार आठवडे खोलीच्या तपमानात राहू शकते. त्या थंडीत भय उलट आहे: ते गोठता कामा नये.

म्हणून आदली रात्र टेकापोच्या हॉलिडे पार्कमध्ये, वीज जोडलेल्या जागेवर काढावी. तेथून माउंट कुक सव्वा तासाचा रस्ता. एवढ्यात निम्मी रिकामी शिशाची बॅटरी भरत नाही, तेव्हा भरूनच निघालेले बरे. संध्याकाळी पोहोचल्यावर चहा करावा, तासाभराने दिवे-पंप बंद करून घराच्या बॅटरीचा आकडा वाचावा आणि सोबतच्या माणसाने तो वहीत टिपावा. उजेड असतानाच. आकडा मनाजोगता नसेल तर परत वळून विजेची जागा गाठण्यास तेव्हा अवधी असतो; मध्यरात्री झोपलेल्या माणसाला उठवून तो घाट कोणी घालू नये. रात्रभर बंद गाडीत इंजिन चालू ठेवण्याचा विचारही नको. त्याचा धूर प्राणघातक असतो.

सकाळी पुन्हा दोन्ही आकडे पाहावेत. इंजिनाची बॅटरी 12.4 च्या खाली गेली असल्यास गाडी सुरू होते का, हे शेजारचा तळ उठण्यापूर्वीच पाहून घ्यावे, म्हणजे मदतीला माणूस असतो. रात्री दूर धडधड ऐकू आली असेल तर ती माउंट सेफ्टनवरून कोसळणाऱ्या बर्फाची. आणि छपरावर खडखडाट झाला तर तो किआ पोपट. खिडक्यांच्या रबराचा त्याला भारी सोस. चहाचा कप हातात घेऊन त्याला हुसकावण्यात सकाळचा बराच वेळ जातो.