सूर्याच्या उलट

ती. नानामामांस,


छकुलीला गोष्ट वाचून दाखवताना 'विडरशिन्स'पाशी अडलात, असं लिहिलंत. जोसेफ जेकब्सच्या १८९०च्या संग्रहातली चाइल्ड रोलंडचीच ना ती? बहीण चेंडू आणायला चर्चला उलट्या बाजूने वळसा घालते आणि परीराज्याचा राजा तिला पळवून नेतो. ते 'उलट्या बाजूने' म्हणजे विडरशिन्स. क्रियाविशेषण आहे, आता बोलण्यातून जवळजवळ गेलेलं.

शब्द रुजला स्कॉटलंडात, पण आला उत्तर जर्मनीकडून. 'विडर' म्हणजे विरुद्ध, 'सिन' म्हणजे दिशा. शेवटचा 'स' षष्ठीचा. षष्ठीतून क्रियाविशेषण करायची त्या भाषांची जुनी खोड. ('ऑलवेज'च्या शेपटीलाही तोच 'स'!) गॅविन डग्लसने १५१३मध्ये व्हर्जिलचं महाकाव्य स्कॉट्स भाषेत आणलं, त्यात हा शब्द सापडतो. तिथे मात्र ना चर्च, ना फेरी. भीतीने केस उलटे उभे राहतात, एवढंच. सूर्य नंतर शिरला, तोही कानावाटे: 'सिन'चा ध्वनी स्कॉट्समधल्या सूर्याच्या नावाशी जुळला आणि 'उलट'चं 'सूर्याच्या उलट' झालं. पुढे नॉर्थ बेरिकच्या चेटकिणींवर १५९०-९१मध्ये खटले चालले, तेव्हाच्या जबाबांतही अशा उलट्या फेऱ्या येतात. छळून घेतलेले जबाब ते. त्यांत काय येणार नाही?

मला खरा गोड वाटतो तो याचा विरुद्धार्थी शब्द, गेलिकमधला 'जेशल'. सूर्याच्या गतीने, उजवं घालून. त्यातल्या 'जेस'चे अर्थ दोन, उजवा आणि दक्षिण. पूर्वेला तोंड केलं की उजव्या हाताला दक्षिणच येते. तुम्ही आयुष्यभर संस्कृत शिकवलंत, तेव्हा पुढचं ओळखलं असेल: आपला 'दक्षिण' आणि तो 'जेस' एकाच मुळाचे. स्काय बेटावरचा मार्टिन मार्टिन १७०३च्या पुस्तकात लिहितो, की बाळंतिणीभोवती आणि बाप्तिस्मा न झालेल्या बाळाभोवती लोक सकाळ-संध्याकाळ विस्तव फिरवत, याच दिशेने. आजीला हे सांगितलं असतं तर तिला त्यात नवल वाटलं नसतं.

उलट्या फेरीशी मात्र आपलं त्यांच्याइतकं वाकडं नाही. श्राद्धात अपसव्य लागतंच. आणि महादेवाच्या देवळात गोमुख न ओलांडता मागे फिरतो, तेव्हा फेरीचा एक भाग आपणही विडरशिन्सच चालतो की! छकुलीला एवढ्यात सांगू नका. सोमवारी देवळात नेणं मुश्कील होईल.

मामींना नमस्कार.

आपली,
सुमा