पेडणे-डिचोलीच्या पाण्यावर

गळ टाकून बसणारा मनुष्य एकांतप्रिय असतो, असा समज शहरांतून रूढ आहे. आमच्या उत्तर गोव्यात मात्र गळ घेऊन निघणे हा बहुधा चार-पाच जणांचा मामला असतो. एकाजवळ काठी चांगली, दुसऱ्याला पाण्याची जाण, तिसऱ्याच्या ओळखी गावोगाव, तर चौथ्याच्या घरचा शिदोरीचा डबा बाकीच्यांना ओढून नेणारा. आमची मंडळी सात जणांची आहे. तीन शिक्षक, एक निवृत्त तलाठी, एक दुकानदार, एक बागायतदार आणि त्या बागायतदारांचे वृद्ध चुलते, ज्यांना आम्ही सर्वजण तात्या म्हणतो. यंदा समुद्राकडे पाठ फिरवावी आणि गोड्या पाण्यातील शिकारी माशाच्या, म्हणजे इतर माशांवर उपजीविका करणाऱ्या माशाच्या, मागावर पेडणे आणि डिचोली तालुक्यांत एक दिवस घालवावा, असे ठरले. बेत आखण्यात तीन संध्याकाळी गेल्या. त्यात ज्या गोष्टींचा ऊहापोह झाला त्या वाचकांपुढे ठेवाव्यात, एवढ्यासाठी हा प्रपंच.

हा छंद साहेबाने आणला, अशी काहींची समजूत असते. आयझॅक वॉल्टन या इंग्रज लेखकाचा गळाच्या मासेमारीवरील प्रसिद्ध ग्रंथ १६५३ साली निघाला, हे खरे. परंतु त्याच्या पाचशे वर्षे आधी, बाराव्या शतकात, कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने आपल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' गणला आणि माशांच्या जाती, त्यांना घालावयाचे खाद्य, दोरा आणि काठी यांचा साक्षेपाने विचार केला. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ त्यातील जुन्या मराठी पद्यपंक्तींमुळे परिचित असतो. मासे धरण्याचे शास्त्र आणि आपल्या भाषेचे बालपण एकाच पोथीत नांदावे, ही गोष्ट आमच्यासारख्या मराठीच्या शिक्षकाला सुखावणारी आहे.

आता प्रदेशाविषयी. पेडणे आणि डिचोली हे अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांच्या ताब्यात गेलेले, 'नव्या काबिजादी'तले तालुके. येथील चालीरीती आणि बोली यांचा सिंधुदुर्गाशी सांधा आजही अतूट आहे, आणि तो सांधा पाण्यानेही जोडलेला आहे. सह्याद्रीतून उतरणारी तिळारी दोडामार्ग तालुका ओलांडून गोव्यात येते आणि येथे तिला शापोरा हे नाव मिळते. साळ, मेणकुरे, इब्रामपूर, चांदेल अशा गावांच्या आसपास ती दाट झाडीतून वाहते. काळणा नदी तिला येऊन मिळते. पुढे कोलवाळच्या पुलाखालून जाऊन पेडणे आणि बार्देश यांच्या मधून ती समुद्र गाठते. उत्तरेला तेरेखोल ही पेडण्याची सीमा. दक्षिणेकडे, डिचोली तालुक्यात, साखळीवरून वाहणारी वाळवंटी आहे. तिच्या काठी विठ्ठलाचे मंदिर असल्यामुळे नदीच्या नावाला वारकरी अर्थ आपोआप चिकटतो. या नद्यांना मिळणारे ओहोळ, गावची तळी, भाताच्या मळ्यांतील पाणथळी, खाजनांच्या बांधांतील मानशी, म्हणजे भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर सोडणारी लाकडी दारे, हे सारे मिळून एकच जलसंसार आहे.

या संसारातील शिकारी कुटुंबप्रमुख म्हणजे मरळ. अंगाने लांबट, डोके सापासारखे, तोंड रुंद. ती नुसत्या कल्ल्यांवर विसंबून राहत नाही; पृष्ठभागावर येऊन हवा घेते. त्यामुळे गढूळ, कोमट, प्राणवायू कमी असलेल्या डबक्यातही ती तग धरते आणि ओल्या कापडात गुंडाळलेली कित्येक तास जिवंत राहते. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगेच्या खोऱ्यातील माशांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात मरळीच्या एका मोठ्या जातीला त्याने 'मारुलियस' हे नाव दिले. त्या लॅटिन पोशाखातूनही आपली मरळ ओळखू येते.

दुसरा थिगूर. मिशाळ, बिनखवल्यांचा, तळाशी रात्री हिंडणारा. पकडताना त्याच्या बाजूच्या काट्याचा प्रसाद मिळाला की हात दोन दिवस ठणकतो. तिसरा चणक. हा खरे तर दोन घरांचा पाहुणा आहे. त्याची वीण नदीमुखाच्या खाऱ्या पाण्यात होते. पिल्ले भरतीबरोबर खाड्यांत, खाजनांत आणि नदीच्या गोड्या पाण्यातही चढून वाढतात. गोव्यातील जेवणाऱ्यांत त्याची प्रतिष्ठा काय आहे, हे आम्ही सांगावयास नको. मात्र त्याची एक गोष्ट जेवणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसते. चणक प्रथम नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी, पुरेसा मोठा झाल्यावर, मादी होतो. म्हणजे पाण्यातील सर्वांत मोठे चणक सामान्यतः माद्याच असतात. छायाचित्रासाठी जो मासा आपण अभिमानाने उचलून धरतो, तोच पुढील पिढीची आई असतो.

कोठे आणि काय हे ठरल्यावर प्रश्न उरला तो 'केव्हा' याचा. वादही त्यावरच झाला. आम्हा शिक्षकांना सुट्ट्यांचे बंधन. मे महिन्यात ओहोळ आटलेले आणि ऊन कडक. श्रावणापासून चतुर्थीपर्यंत आमच्यापैकी चौघांकडे मासळी वर्ज्य. तेव्हा आमच्यातील तरुण शिक्षकांनी सुचविले की, शाळा उघडण्याच्या सुमारास, मृगाच्या पहिल्या पावसात जावे.

"त्या दिवसांत मासे नुसते हाताने धरता येतात, तात्या," ते म्हणाले.

"हाताने धरता येतात म्हणूनच धरू नयेत, मास्तर," तात्या शांतपणे म्हणाले. "पोटात गाभोळी घेऊन चढतात ते. चढताना एक धरला, की उतरताना शंभर कमी."

कोकण-गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडे स्पष्ट केले पाहिजे. जूनच्या पहिल्या मुसळधार पावसात नदीचे लाल पाणी ओहोळांत आणि ओहोळांचे मळ्यांत शिरते. त्या ओढीने नदीतील मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात आणि उथळ, ताज्या पाण्यात अंडी घालतात. हेच 'चढणीचे मासे'. कोकणात काही ठिकाणी याला वळगण म्हणतात. त्या रात्री गावेच्या गावे कंदील, विजेऱ्या, जाळी आणि टोपल्या घेऊन पाण्यात उतरतात. लहान माशांच्या मागोमाग मोठेही येतात. मरळीचा विणीचा काळही पावसाच्या आगेमागे असतो. पाणवनस्पती बाजूला सारून ती गोलसर जागा करते, अंडी पाण्यावर तरंगतात, आणि पिल्ले निघाल्यावर त्यांचा लालसर थवा पृष्ठभागावर फिरत असतो. त्या थव्याखाली आईबाप पहारा देत असतात. जवळ काहीही आले तरी ते त्यावर तुटून पडतात. म्हणूनच त्या दिवसांत ते गळाला फार लवकर लागतात. त्यात आपले कौशल्य काही नसते. ती त्यांची माया असते. पालक उचलला गेला की तो थवा घटकाभरात इतर माशांच्या पोटात जातो.

तरुण शिक्षकांचा युक्तिवाद असा की, पिढ्यान्‌पिढ्या लोक चढणीचे मासे धरत आले, तरी मासे संपले नाहीत. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परंतु त्या पिढ्यांत मळे पेरलेले असत, ओहोळ मोकळे असत, आणि बांबूच्या टोपलीला मर्यादा होती. आज अनेक मळे पड आहेत. नद्यांवर जागोजाग बंधारे झाले आहेत, आणि त्यांच्या फळ्या वेळेवर निघाल्या नाहीत तर चढणारा मासा भिंतीशीच अडतो. डिचोलीच्या नद्यांनी लोहखनिजाच्या खाणींचा गाळ कित्येक दशके गिळला. २०१२ साली खाणी थांबल्या, काही पुन्हा सुरू झाल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या, आणि अलीकडे लिलावांनंतर काही सुरू झाल्या आहेत. नदीच्या तळाशी साचलेला गाळ मात्र अशा तारखा पाळत नाही. ज्यांच्या चुलीवर त्या रात्रीचीच मासळी चढते, त्यांना आम्ही काय उपदेश करणार? आम्ही हौसेने जाणारे. आमच्या पोटाची निकड नाही. ज्याला निकड नाही त्याने तरी थांबावे, एवढाच तात्यांच्या बोलण्याचा मथितार्थ होता. तो तरुण शिक्षकांनीही मान्य केला, आणि बेत दिवाळीच्या सुट्टीवर, तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारावर गेला. त्या सुमारास पाणी निवळते, पिल्ले आपल्या बळावर पोहू लागलेली असतात, आणि सकाळच्या गारव्यात हवा घ्यायला वर आलेल्या मरळीचे वलय दुरून दिसते. शापोऱ्याच्या खालच्या भागात वेळ घड्याळावर नव्हे, तिथीवर ठरते. भरती-ओहोटीच्या वळणावर चणक हिंडतो, म्हणून पंचांग जवळ असावे.

काही जागा आम्ही विचारपूर्वक वगळल्या. खाणींचे जुने खड्डे पाण्याने भरून दिसावयास तळ्यांसारखे निळे-हिरवे दिसतात, परंतु त्यांचे काठ उभे आणि ढासळते असतात. तेथे कोणीही पाऊल टाकू नये. आमठाण्यासारख्या धरणाच्या जलाशयात संबंधित खात्याच्या परवानगीवाचून गळ टाकू नये. शिवाय या भागातील नद्या-जलाशयांत मगरींचा वावर आहे. पाण्यात पाय सोडून बसण्याची हौस घरी ठेवावी. दोडामार्गाच्या बाजूच्या रानात २००२ सालापासून हत्तींचे येणे-जाणे सुरू झालेले असल्यामुळे पहाटे अंधारात निघण्याआधी गावात चौकशी करावी. आणि देवाचे तळे किंवा कोंड असेल तर ते पाहावे, हात जोडावेत आणि पुढे जावे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंडीत आणि कर्नाटकात शृंगेरीला तुंगेच्या पात्रात मोठमोठे मासे केवळ लोकश्रद्धेच्या आधारावर निर्भयपणे फिरतात. कायद्याचा शिपाई जेथे पोहोचत नाही तेथे देवाने राखण केली, हे आपल्या पूर्वजांचे शहाणपण होय.

साहित्याची यादी मोठी नाही. मजबूत काठी, जाड दोरा, दातांनी तुटू नये म्हणून गळाजवळ तारेचा वीतभर तुकडा, शिसे, बूच, आणि गळ काढण्यासाठी पक्कड. मरळीला बेडकाचा मोह असतो. परंतु मोठा रानबेडूक धरणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. बाजारात रबरी बेडूक मिळतो, आणि मरळ त्यालाही तितक्याच आवेशाने फसते. पाण्यात स्फोटक फोडणे किंवा विष कालवणे यांना १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. तसे कोणी करताना दिसल्यास गप्प बसू नये, हेही आमच्या यादीत लिहिले आहे.

नियम चार ठरले. पहिला, ज्या गावच्या पाण्यावर जायचे त्या गावात आधी विचारायचे. दुसरा, चणक फार लहान असेल तर परत आणि फार मोठा असेल तरीही परत. मधला तेवढा आपला. तिसरा, पिल्लांचा थवा दिसला तर ते पाणी सोडून पुढे जायचे, मग महिना कोणताही असो. चौथा, सात जणांत मिळून तीन मासे पुरे. एका अपवादाची नोंद तलाठीसाहेबांनी करवून घेतली. आफ्रिकेतून आलेला परदेशी मांगूर, ज्याच्या पैदाशीला भारत सरकारने २००० साली मनाई केली, तो गळाला लागला तर मात्र पुन्हा पाण्यात सोडायचा नाही. तो आपल्या थिगुराच्या पानावर बसून जेवणारा उपरा आहे.

मार्गही ठरला आहे. पहाटे पेडण्याच्या बाजूने चांदेल-इब्रामपूर, दुपारी पलीकडे मेणकुरे-साळ, आणि परतताना नार्व्याला सप्तकोटेश्वराचे दर्शन. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली या देवळाचा जीर्णोद्धार केला. रात्री जे काही मिळाले असेल त्याचे हुमण बागायतदारांच्या घरी. काही न मिळाल्यास सोलकढीभात.

वाचकांपैकी कोणाला असा बेत आखावयाचा झाल्यास आमची एकच सूचना आहे. माशाचा ठावठिकाणा विचारण्यापूर्वी गावातील एखाद्या जाणत्या वृद्धाला विचारावे, "आजोबा, येथे मरळीची पिल्ले कोणत्या दिवसांत दिसतात?" ते जे दिवस सांगतील ते वगळून खुशाल जावे. पण "पूर्वी दिसत, हल्ली दिसत नाहीत," असे उत्तर आले, तर त्या गावी गळ पिशवीतून बाहेर काढू नये. आजोबांजवळ बसून पिल्ले केव्हापासून दिसेनाशी झाली, ते नीट ऐकून घ्यावे आणि लिहून ठेवावे.