चेतकला आता उतरू दे

कोट्टूरपुरम, चेन्नई

ती. दादास,


परवा फोनवर तू म्हणालास, चेतक हेलिकॉप्टर अजून दहा वर्षं सहज उडेल, आणि मी गप्प बसले. तुझ्याशी फोनवर वाद घालणं मला जमत नाही, म्हणून लिहिते आहे. मला वाटतं, नौदलातलं चेतक आता उतरायला हवं. शेवटच्या एकापर्यंत, आणि लवकर.

रागावू नकोस. तुझी उमेदीची वर्षं त्याच्या सेवेत गेली, हे मी विसरलेले नाही. त्याचं इंजिन मागे उघडंच असतं, त्यामुळे हात सरळ पोचतो, हे तू किती कौतुकाने सांगायचास! विमानवाहू विक्रांतवरच्या तुझ्या गोष्टी तर मला पाठ आहेत. विमानांच्या आधी चेतक उडायचं आणि शेवटचं विमान डेकवर टेकेपर्यंत जहाजाच्या बाजूला हवेत थांबायचं. कुणी वैमानिक समुद्रात पडलाच, तर विंचची दोरी खाली. बहुतेक दिवशी काहीच घडायचं नाही, आणि तोच दिवस चांगला गेला असं तुम्ही मानायचात. चेतकची ३२१ स्क्वाड्रन १९६९ च्या मार्चमध्ये उभी राहिली. ज्यांची राखण ती करायची, ते एकेक करून गेले. सी हॉक विमानं गेली, अलिझे गेली, १९९७ च्या जानेवारीत खुद्द विक्रांत निवृत्त झाली, २०१६ च्या मे महिन्यात गोव्यात सी हॅरिअरना निरोप दिला. चेतक मात्र उडतच राहिलं.

इथे चेन्नईतही मी हेलिकॉप्टरची वाट पाहिली आहे. डिसेंबर २०१५ मध्ये अड्यार नदीचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं, वीज गेली, फोन गेले. वर घरघर ऐकू आली की गच्चीवरचे सगळे हात वर करायचे. ते नौदलाचं की हवाई दलाचं, हे विचारायचं कुणाला सुचत नव्हतं. विमानतळ पाण्याखाली होता, तेव्हा तुझ्या अरक्कोणमच्या राजाली तळावरून प्रवासी विमानं सुटली. तो आवाज ज्याने गच्चीवरून ऐकला आहे, त्याला चेतकबद्दल काय वाटतं हे मी तुला सांगायला नको.

पण दादा, ज्या फ्रेंच यंत्रावरून चेतक घडलं, ते पहिल्यांदा उडालं १९५९ मध्ये. बंगळूरच्या एचएएलने त्याचा परवाना घेतला १९६२ मध्ये. आणि आजही नौदलाचे हेलिकॉप्टर वैमानिक राजालीच्या ५६१ स्क्वाड्रनमध्ये त्याच चेतकवर शिकतात. ७ जून २०२४ ला तिथल्या १०२ व्या तुकडीला व्हाइस ॲडमिरल राजेश पेंढारकरांच्या हस्ते विंग्ज मिळाल्या. त्या तुकडीत नौदलाची पहिली महिला हेलिकॉप्टर वैमानिक होती, अनामिका राजीव. बातमी वाचून मला आनंद झाला आणि पाठोपाठ काळजीही वाटली. एवढी नवी मुलं, एवढं जुनं यंत्र, आणि त्याला इंजिन एकच.

तू म्हणशील, २०२५ च्या जानेवारीत पोरबंदरच्या अपघातानंतर नवी ध्रुव हेलिकॉप्टरं जमिनीवर बसवली, तेव्हा कोण कामाला आलं? मुद्दा खरा आहे. नवं आहे म्हणून यंत्र आपोआप भरवशाचं होत नाही. पण यातून मला दिसतं ते इतकंच की आपण चेतकच्या जागी वेळेवर पुरेसं काही उभं केलं नाही. नौदलासाठी १११ हलकी हेलिकॉप्टरं घ्यायला मंजुरी मिळाली ऑगस्ट २०१८ मध्ये. मंजुरी आणि डेकवर उभं यंत्र यांत जी वर्षं जातात, ती कुणीतरी जुन्या यंत्रात बसून काढतं. या दिरंगाईचा मला खरा संताप येतो. चेतक चिवट आहे, तुम्ही लोकांनी ते जिवापाड सांभाळलंत, आणि त्या चिवटपणाच्या आधाराने निर्णय लांबत राहिले.

नव्या यंत्रात काय असतं, तेही बघ. इथे चेन्नईला नोव्हेंबर २०२२ मध्ये तटरक्षक दलाची ८४० स्क्वाड्रन उभी राहिली, ध्रुव मार्क तीनची. दोन इंजिनं, रडार, रुग्णाला उपचार देत आणायची सोय. समुद्रात माणूस शोधायचा तर हे सगळं लागतंच.

चेतकला साधा निरोपही मिळणार नाही, ही तुझी खंत मात्र मला पटते. २९ मार्च २०१७ ला राजालीवर टीयू-१४२ विमानांना निरोप दिला, तेव्हा केवढा समारंभ झाला. त्यातलं एक विमान आज विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर लोक आत शिरून पाहतात. जलाश्व जहाजाबरोबर आलेल्या यूएच-३एच हेलिकॉप्टरांनाही जून २०२४ मध्ये मानाने निवृत्त केलं. चेतक इतक्या तळांवर, इतक्या जहाजांवर विखुरलेलं आहे की त्याच्या वाट्याला असा एक दिवस येईल की नाही, कोण जाणे. तो यायला हवा, आणि तुम्हा मेकॅनिकांना त्या दिवशी पुढच्या रांगेत बसवायला हवं.

तुझी नात एनडीएच्या परीक्षेची तयारी करते आहे. ती उद्या राजालीला आली, तर तिने समुद्रावर कशात बसून जावं असं तुला वाटतं, ते मला लिहून कळव. फोनवर नको.

वहिनींना नमस्कार.

तुझी,
धाकटी