समोर बघा, हनुवटी खाली

किल्ल्याचा फोटो काढताना बरं असतं. बुरुज आखडून बसत नाही, तटबंदी ‘माझा कसा आलाय, दाखवा बघू’ म्हणत नाही. माणसाचा चेहरा समोर आला की मात्र माझी पाचावर धारण बसते. पन्नाशी गाठल्यावर वापरलेला एक डीएसएलआर घेतला, सूर्यास्त झाले, खंड्या झाला, पन्हाळा सगळ्या बाजूंनी झाला, आणि मग कुणीतरी म्हणालं, आता पोर्ट्रेट करा. तेव्हापासून जो गोंधळ सुरू आहे तो अजून निस्तरलेला नाही.

गोंधळाची सुरुवात नाकापासून झाली. पुतणीचा फोटो काढला तर तिचं नाक पकोड्याएवढं आलं. जाणकारांना विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर, ८५ची लेन्स घ्या. किंमत बघून मी गप्प बसलो. आमच्या मिरजेत एक जुना फोटो स्टुडिओ आहे. तिथल्या काकांना तो फोटो दाखवला. लेन्सबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. विचारलं एवढंच, “किती लांब उभा होतास?” मी हातानं अंतर दाखवलं. “मागं सर की मग.”

हे प्रकरण डोक्यात शिरायला मला बरेच दिवस लागले. चेहऱ्याचा आकार लेन्स बिघडवत नाही, अंतर बिघडवतं. अगदी जवळून बघितलं तर कॅमेऱ्याला कानांच्या मानानं नाक फारच जवळ पडतं, म्हणून ते फुगतं. सहा-सात फूट मागं गेलं की नाक आणि कान यांच्या अंतरातला फरक त्या मानानं नगण्य ठरतो. तिथून चौकटीत किती मावेल, एवढंच लेन्स ठरवते. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५०ची साधी लेन्ससुद्धा ७५-८०सारखी वागते, त्यामुळे माझे पैसे वाचले. पुतणी अजून रुसलेली आहे, ते वेगळं.

तेव्हापासून मी रविवारी सकाळी काकांकडे जाऊन बसू लागलो. काका शाळा सोडून या स्टुडिओत आले ते प्रिंटा धुवायला. मग डार्करूम, मग रिटचिंग. काळ्यापांढऱ्या निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं काम करायचं. निगेटिव्हवर जिथं पेन्सिल फिरेल तिथं प्रिंट उजळते, म्हणून डोळ्यांखालची काळी वर्तुळं, देवीचे व्रण, कपाळावरच्या आठ्या तिथंच हलक्या व्हायच्या. त्यांनी एक जुनी निगेटिव्ह उजेडासमोर तिरकी धरून दाखवली. गालाच्या जागी इतक्या बारीक रेघा होत्या की मला आधी तो ओरखडा वाटला. “सुरकुती पुसायची नसते,” काका म्हणाले, “हलकी करायची. पुसली तर माणूस परत येऊन भांडतो, हा माझा बाप नव्हेच म्हणून.” मोबाइलमध्ये कातडी गुळगुळीत करणारी जी सोय असते, तिला हे कुणीतरी सांगायला हवं.

पुढं कलर लॅब आल्या, निगेटिव्ह दुसऱ्या गावाला जाऊ लागल्या आणि पेन्सिल खोक्यात गेली. मग डिजिटल आलं. आता काकांचा दिवस पासपोर्ट फोटोत जातो. पांढरा पडदा, दोन्ही कान दिसले पाहिजेत, हसायचं नाही. अमेरिकेच्या व्हिसासाठी २ इंच बाय २ इंच. ज्या हातांनी आयुष्यभर चेहऱ्यात काहीतरी आणायचा प्रयत्न केला, त्यांना आता चेहऱ्यावर काहीच नको असलेले फोटो काढावे लागतात. काकांना याचं दुःख वगैरे नाही. “गिऱ्हाईक आहे तोवर ठीक,” म्हणतात.

उजेडाचं शिक्षणही त्यांच्याचकडे झालं, आणि त्यासाठी त्यांनी आधी माझा फ्लॅश काढून ठेवायला लावला. स्टुडिओच्या मागच्या खोलीला उत्तरेची खिडकी आहे. आपल्याकडं बहुतेक वर्ष सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन सहसा येत नाही, उजेड मऊ असतो आणि दिवसभर फारसा बदलत नाही. माणसाला खिडकीशी तिरकं बसवायचं, अंधाराच्या बाजूला थर्माकोलचा बोर्ड उभा करायचा, झालं. बोर्ड वीतभर जवळ आणला की गालाची सावली उघडते, लांब नेला की गडद होते. मी डोळे फाडून बघत होतो आणि तरी मला पहिल्यांदा फरक दिसेना. काकांनी मग दिवे बंद केले, मला खुर्चीवर बसवलं, हातात आरसा दिला आणि बोर्ड पुढं-मागं केला. तेव्हा दिसलं. डोळ्यात खिडकीचा पांढरा ठिपका हवा, हे त्यांचं दुसरं कलम. ठिपका नसेल तर डोळा मेलेला दिसतो. आता मला कुणाचाही फोटो दिसला की मी आधी बुबुळातला ठिपका शोधतो. वधू-वर सूचक मंडळाच्या फोटोतसुद्धा.

इथपर्यंत ठीक होतं. हौसेनं मी थोरांची पुस्तकं चाळायला घेतली आणि होतं तेवढंही कळेनासं झालं.

गौतम राजाध्यक्ष आपल्यातले. सेंट झेवियर्समध्ये रसायनशास्त्र शिकले, शिकवलं, मग लिंटास या जाहिरात कंपनीत, आणि १९८०च्या सुमारास तारकांचे फोटो. ‘चेहरे’ या त्यांच्या पुस्तकातला प्रत्येक माणूस आपल्या सर्वांत चांगल्या क्षणी भेटल्यासारखा वाटतो. उजेड असा की तो कुठून आला हे विचारायचंही सुचत नाही. मी ठरवलं, हेच खरं. माणसाला देखणं करायचं.

मग रिचर्ड ॲव्हेडन भेटला. फॅशनच्या फोटोंनी नाव मिळवलेला हा न्यू यॉर्कचा माणूस १९७९ ते १९८४ उन्हाळ्या-उन्हाळ्यांत अमेरिकेच्या पश्चिम भागात फिरला. खाणकामगार, ट्रकचालक, कत्तलखान्यातले मजूर, भटके. सावलीतल्या भिंतीवर पांढरा कागद चिकटवायचा, समोर आठ बाय दहा इंचांची निगेटिव्ह घेणारा अजस्र लाकडी कॅमेरा, आणि स्वतः त्याच्या मागं न दडता शेजारी उभं राहायचं. कपड्यांवरचं तेल, रक्त, घाम, सगळं नखशिखांत शार्प. मागं घर नाही, डोंगर नाही, आधाराला काहीच नाही. हे बघून मी ठरवलं, हेच खरं. माणसाला अजिबात देखणं करायचं नाही.

त्यात ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. १८६३ साल सरता सरता लेक-जावयानं तिला कॅमेरा भेट दिला तेव्हा तिचं वय ४८ होतं, हे वाचून मी तिला लगेच आपल्या पंथातली मानलं. तिचे फोटो आउट असतात, त्यावर तेव्हाच्या तज्ज्ञांनी नाकं मुरडली आणि आज ते संग्रहालयांत आहेत. मी १.८च्या ॲपर्चरवर काढलेल्या फोटोत एक डोळा शार्प आणि दुसरा आउट आला, तेव्हा काकांना तिचा दाखला दिला. काका म्हणाले, “तिनं ठरवून केलं असंल. तू ५.६ वर जा.”

या साऱ्या गोंधळात मी एका तंबोरा बनवणाऱ्या कारागिराचा फोटो काढायला गेलो. मिरजेतली सतारमेकर गल्ली पुष्कळांना ठाऊक असेल. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. दुकानात पाऊल टाकलं आणि मला फोटो तयारच दिसला. छताला टांगलेले भोपळे, दारातून तिरका येणारा उजेड, त्यात लाकडाचा भुसा तरंगतोय आणि चाचा घोडीवर वाकून जवारी काढतायत. तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस. चेहरा पूर्ण कानात गेलेला. मी कॅमेरा वर केला.

“थांबा की साहेब,” म्हणून चाचा उठले आणि आत गेले.

बाहेर आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर पांढरी टोपी, दाढीवरून फिरवलेला कंगवा. खुर्ची मागवली. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसले, लेन्सकडं रोखून बघू लागले. श्वाससुद्धा धरलेला. मी म्हटलं, “चाचा, असं नको. तुम्ही आपलं नेहमीसारखं काम करत राहा, मी इथं नाहीच समजा.”

“कामाचे फोटो पेपरवाले काढून नेतात,” ते शांतपणे म्हणाले. “तुम्ही माझा काढणार म्हटला होता ना?”

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी सांगितल्याप्रमाणं काढला. पांढऱ्या कपड्यांनी कॅमेऱ्याला फसवलं आणि चेहरा काळवंडला, तेव्हा एक्स्पोजर वाढवून पुन्हा काढला. शेवटी ते कामाला बसल्यावर माझ्या मनातलाही काढून घेतला.

काकांपुढं दोन्ही प्रिंटा ठेवल्या. भुशातल्या उजेडाचा फोटो त्यांनी कौतुकानं पाहिला आणि बाजूला ठेवला. ताठ बसलेला फोटो मात्र बराच वेळ हातात धरला. हनुवटी अर्धा इंच खाली पाहिजे होती, कॉलर डावीकडं उचललीय, म्हणाले. मग एवढंच, “ह्यात तो माणूस आहे. त्यात दुकान आहे.”

त्या सुमारास मला आऊगुस्ट झान्डर सापडला. जर्मन. समाजातल्या सर्व थरांतल्या माणसांचे फोटो काढून एक प्रचंड संग्रह करायचा, हे त्याचं आयुष्यभराचं काम. त्यातले निवडक फोटो १९२९ मध्ये पुस्तकात आले. नाझींना आपल्या देशातल्या माणसांचे हे चेहरे पसंत पडले नाहीत. १९३६ मध्ये त्यांनी पुस्तकाच्या प्रती जप्त केल्या आणि छपाईच्या प्लेटा नष्ट केल्या. त्याचा १९१४चा एक फोटो आहे. वेस्टरवाल्डच्या मातीच्या रस्त्यावर तीन तरुण शेतकरी, ठेवणीतले काळे सूट, हॅट, हातात काठ्या, नाचाला निघालेले. तिघंही थांबून थेट आपल्याकडं बघतायत. नांगर धरलेला, घाम गाळणारा शेतकरी झान्डरनं मागितला नाही. त्यांना जसं दिसायचं होतं तसं दिसू दिलं, आणि शंभरहून अधिक वर्षं झाली तरी ते तिघे ओळखीचे वाटतात.

म्हणून सध्या माझं मत असं झालंय, उद्या बदललं तर बदललं. नकळत टिपलेला फोटोच तेवढा खरा आणि ताठ बसलेला खोटा, हे आपण फार सहज गृहीत धरलंय. गुडघ्यांवर हात ठेवून बसलेल्या माणसाला कॅमेऱ्याची भीती वाटते असं मी समजत होतो. बऱ्याचदा तो स्वतःला नीट मांडत असतो. इस्त्रीचा शर्ट हा त्याचा फोटोतला वाटा आहे, माझ्या तिरक्या उजेडाइतकाच. ॲव्हेडनबद्दल माझा आदर कमी झालेला नाही, पण ज्या चेहऱ्यांना त्यानं उघडं केलं त्यांनी स्वतःहून काय दाखवलं असतं, हा प्रश्न आता मला त्याच्या फोटोंसमोर पडतो.

तरी गोंधळ आहेच. वहिनींना त्यांचा फोटो दाखवला की त्या ठरल्याप्रमाणं म्हणतात, “हा माझा चेहराच नाही.” एकदा मी तोच फोटो कॉम्प्युटरवर डावा-उजवा उलटवून दाखवला आणि तो त्यांना पसंत पडला. जन्मभर त्यांनी स्वतःला आरशातच पाहिलेलं, म्हणजे उलटं. जगाला दिसतो तो चेहरा त्यांनाच परका. मग पोर्ट्रेट कुणाच्या ओळखीचं काढायचं? काकांना विचारलं तर म्हणाले, पैसे देणाऱ्याच्या.

काकांकडं लोक जुने फोटो दुरुस्तीला आणतात, बुरशी लागलेले, घडी पडून तुटलेले. नऊवारीतली बाई, फेट्यातला गृहस्थ, शेजारी उंच स्टुलावर फुलदाणी. काका नावं विचारतात. आणणाऱ्यांपैकी निम्म्यांना ती सांगता येत नाहीत. बहुधा आजीकडचे कुणीतरी, म्हणतात. तेव्हा एक विनंती आहे. मोबाइलमधले दोन-चार चेहरे निवडा, कागदावर छापून घ्या आणि मागं मऊ पेन्सिलीनं नाव, गाव आणि साल लिहा. बॉलपेन नको, दाब दिला की पुढं उमटतं.