सहा दिवे आणि एक वायपर

गिरगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी सणासुदीला कुणा शेटजींची इम्पाला यायची, आणि सतरा फुटांहून लांब असं ते धूड वळेपर्यंत भेळवाल्यापासून गंजीफ्रॉकातल्या काकांपर्यंत सगळे भिंतीला पाठ लावून उभे राहायचे. आम्ही पोरं मात्र मागे पळायचो, दिवे मोजायला. दोन्ही बाजूंना तीन-तीन गोल दिवे असले तर इम्पाला, दोन-दोनच असले तर साधी बेल एअर. हे ज्ञान मी अशा थाटात वाटायचो, की डेट्रॉइटहून मला आठवड्याला पत्र येत असावं!

गाडी 1964 सालची. शिवडीतला जनरल मोटर्सचा जोडणी-कारखाना त्याच्या दहा वर्षं आधीच बंद झालेला, म्हणजे ती बोटीने आलेली असणार, आणि एखादा पार्ट गेला की ड्रायव्हर चोर बाजार पालथा घालायचा. त्यानेच एकदा मला आत बसू दिलं. पुढचं सीट या दारापासून त्या दारापर्यंत सलग, गिअरची दांडी स्टिअरिंगखालच्या खांबाला. तापलेल्या रेक्झिनचा, पेट्रोलचा आणि शेटजींच्या हिन्याच्या अत्तराचा मिळून एक दाट, किंचित मळमळवणारा वास. आणि उठताना अर्ध्या चड्डीतल्या माझ्या मांड्या सीटपासून चर्रकन सुटल्या, तेव्हा श्रीमंती ही जरा चिकट असते असं मत मी बनवून टाकलं. पायाखालच्या रबरी चटईचा कोपरा उचलला तर चौपाटीच्या खाऱ्या हवेने खाल्लेल्या पत्र्यातून चक्क रस्ता दिसत होता.

मर्सिडीज भेटली ती पुढे पुण्यात. टेल्कोच्या आवारात 1995 मध्ये ई 220 ची जोडणी सुरू झाली, आणि त्याच वर्षी तिकडे युरोपात गोल डोळ्यांची नवी ई-क्लास आली. म्हणजे थोरल्याचा सदरा धाकट्याला, हे आपल्या वाट्याला तिथेही चुकलं नाही. पण सदरा काय शिवलेला होता! इम्पालाचं दार धाडकन लागायचं, हिचं नुसतं थप्प, आणि बाहेरचा हॉर्नचा गदारोळ जागच्या जागी मिटायचा. आषाढात खंडाळ्याचा घाट उतरताना मी निसर्गशोभा सोडून वायपरच बघत बसलो होतो, कारण तो एकच होता, काचेच्या मधोमध बसवलेला, कोपऱ्याकडे जाताना हात लांबवणारा आणि वर मध्यावर येताना आखडून घेणारा. शहाऐंशी टक्के काच तो एकटा पुसतो म्हणे. त्या घाटात चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली इम्पाला असती, तर मी वायपरकडे नव्हे, ड्रायव्हरच्या पायाकडे बघत बसलो असतो.

आता दोन्ही गाड्या जुन्यांच्या रॅलीत चकाकत उभ्या राहतात. माझा कौल विचाराल तर बघायला इम्पाला, बसायला मर्सिडीज. त्यातून कुणाला घ्यायचीच हौस आली, तर क्रोमला भुलू नका. आधी चटई उचला, खालचा पत्रा बोटाने दाबून बघा, आणि गाडी मुंबईची असली तर दोनदा दाबा.