बोट थबकतं तिथे

देवगड तालुक्यातल्या आमच्या बागेचा हापूस थेट गिऱ्हाइकाच्या घरी पाठवायचा असं दादानं ठरवलं आणि मोबाइलवरचं सगळं काम पुण्यात राहणाऱ्या माझ्याकडे आलं. तोवर पेट्या वाशीच्या बाजारात जायच्या. भाव काय मिळाला, ते दलालाची पट्टी आल्यावर कळायचं. तो आंबा कुणी खाल्ला, गोड लागला की आत साका, म्हणजे बिघडलेला गर, निघाला, हे मात्र कधीच कळत नसे. आता खाणाऱ्याशी थेट गाठ पडणार होती, पण तो डोळ्यांना दिसणार नव्हता. न दिसणाऱ्या माणसाशी बोलायचं कसं, हे मला शिकायचं होतं.

ऑनलाइन मार्केटिंग शिकवणाऱ्या एका शिबिराची जाहिरात उघडली. फी 99 रुपये, शेजारी काही हजारांचा आकडा खोडलेला आणि खाली लाल अंकांत उलटं धावणारं घड्याळ. सवलत संपायला 15 मिनिटं उरलेली. पान बंद करून पुन्हा उघडलं, तर घड्याळ पुन्हा 15 मिनिटांवर. आधी जी घाई वाटली होती ती गेली, तिच्या जागी चीड आली आणि शिकवणाऱ्याचं पुढचं काही ऐकावंसं वाटेना. त्या दिवशी लक्षात आलं, की मला हवं ते शिक्षण वर्षानुवर्षं माझ्या हातून निसटत होतं. मी इतकी वर्षं मोबाइलवरून खरेदी करते आहे. दर वेळी कुणीतरी मला काही विकलंय, नाहीतर विकता विकता मला गमावलंय. फक्त यातलं काही मी टिपून ठेवलं नव्हतं.

मग एक वही केली. नियम एकच. काही घेताना बोट जिथे थबकेल तिथे थांबायचं आणि त्या वेळी मनात आलेला प्रश्न जसाच्या तसा लिहायचा. तो तेव्हाच लिहावा लागतो. संध्याकाळपर्यंत मन त्यावर सारवासारव करतं. ‘वस्तू चांगली होती म्हणून घेतली’ असं आपण स्वतःलाही सांगून मोकळे होतो. खरं कारण बहुतेकदा फार लहान असतं.

कुकरची रिंग घ्यायची होती. एका विक्रेत्याकडे भरपूर तारे, अभिप्रायांची रांग, पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीवर रिंगचा सुरेख फोटो. तरी बोट थबकलं. वहीत लिहिलं, ‘माझ्या कुकरला बसेल का?’ दुसऱ्या विक्रेत्याचा फोटो घरच्या ओट्यावर काढलेला, उजेड बेताचाच. पण रिंगवर मोजपट्टी आडवी ठेवलेली होती आणि खाली लिहिलं होतं, की जुनी रिंग मोजू नका, ती वापरून ताणलेली असते, झाकण मोजा. मी ती घेतली, थोडी महाग असूनही. माझी जुनी रिंग खरोखरच ताणलेली होती. त्या माणसाला मी ठाऊक नव्हते, पण माझी अडचण ठाऊक होती. अशी अडचण ठाऊक होते ती वापरणाऱ्यांचं ऐकून आणि स्वतः वापरून. मार्केटिंग म्हणून जे काही मला आज कळतं, त्यातलं निम्मं या एका फोटोपाशी आहे.

रॉबर्ट चाल्डिनी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं ‘इन्फ्लुअन्स’ हे पुस्तक 1984 साली आलं. माणसाचं मन कसं वळवलं जातं, यावर आजही त्याचाच आधार घेतात. चाल्डिनी सुरुवातीलाच सांगतात, की आपण स्वतः आयुष्यभर विक्रेत्यांच्या आणि देणग्या मागणाऱ्यांच्या गळाला लागत आलो आणि त्यातूनच या विषयाची ओढ लागली. पुढे ते विक्री करणाऱ्यांच्या प्रशिक्षणांतही जाऊन बसले. म्हणजे एवढ्या मोठ्या अभ्यासाचं मूळही गिऱ्हाइकाच्या अनुभवातच आहे. हे वाचून माझ्या वहीला बळ आलं.

पण आंब्याच्या बाबतीत माझी वही कोरी होती. बागवाल्याची मुलगी आंबा विकत कशाला घेईल? म्हणून एका हंगामात मी मुद्दाम दुसऱ्यांकडून पेट्या मागवल्या, कुठे ओळख न सांगता. पहिला प्रश्न पैसे भरण्याआधीचाच, ‘हा देवगडचाच कशावरून?’ हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या आंब्यालाच ते नाव लावता येतं. तरी बाजारात कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावानं सर्रास विकला जातो, हे गिऱ्हाइकालाही माहीत असतं. सगळेच ‘अस्सल’ लिहितात, त्यामुळे त्या शब्दाकडे माझी नजरही जात नव्हती. एकानं गावाचं नाव, मानांकनाचा नोंदणी क्रमांक आणि त्याच आठवड्यातली काढणी दाखवणारा छोटासा व्हिडिओ टाकला होता. झेल्यानं देठासकट उतरवलेला आंबा, देठाचा चीक सालीला लागू नये म्हणून घेतलेली काळजी. तिथे मी थबकले नाही.

पैसे भरल्यानंतरची वेळ सगळ्यांत वाईट, हे मला त्याच हंगामात कळलं. खात्यातून रक्कम गेली आणि समोरून अक्षरही नाही. आंबा निघाला का, उन्हात कुठे पडून तर नाही? आपल्याकडे वस्तू हातात पडल्यावर पैसे देण्याची सोय एवढी का रुजली, ते या भीतीतच आहे. विकणाऱ्याचं लक्ष पैसे येईपर्यंत असतं आणि गिऱ्हाईक एकटं पडतं ते त्यानंतर. आता आमच्याकडून पेटी गाडीत चढली की तिचा फोटो जातो, बस. ‘माझी ऑर्डर कुठे आहे’ असे फोन त्या एका फोटोनं जवळजवळ थांबवले.

पेटी आली. आंबे टणक, हिरवे, गवतात बसवलेले. मला त्यांचं काय करायचं ते ठाऊक होतं. पण शेजारच्या काकूंनीही त्याच सुमारास कुठूनतरी पेटी मागवली होती. त्यांनी झाकण उघडलं, आंबे कच्चे पाहून हिरमुसल्या आणि खराब होऊ नयेत म्हणून सगळे फ्रिजमध्ये ठेवले. गारव्यात कच्चा हापूस पिकत नाही. तो सुरकुततो आणि आंबट राहतो. आठवड्यानं त्या म्हणाल्या, “अगं, फसवलं बघ मला.” आंबा चांगला होता, विकणाराही प्रामाणिक असेल. पण पेटीत एक चिठ्ठी नव्हती. आमच्या पेटीत आता अगदी वर, पहिल्या नजरेत दिसेल अशी चिठ्ठी असते: आंबे गवतातच राहू द्या, रोज एकदा हात लावून पाहा, वास घरभर झाला आणि देठाजवळ किंचित मऊ लागला की खा, फ्रिजमध्ये ठेवायचे ते त्यानंतर.

डागांवरून मात्र दादाशी वाद झाला. परकी वस्तू घेताना मी आधी तीन ताऱ्यांचे अभिप्राय वाचते. पाच तारेवाला खूश असतो, एक तारेवाला चिडलेला. तीन तारेवाला वस्तूबद्दल बोलतो. म्हणून मला आमच्या पानावर डाग असलेल्या आंब्याचा फोटो हवा होता आणि साक्याबद्दलही लिहायचं होतं. दादा म्हणाला, “हे डाग कशाक दाखवतंस गो?” मी त्याला वही वाचून दाखवली. साका बाहेरून दिसत नाही, भल्या बागाईतदाराच्याही आंब्यात निघतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं साका न होणारी ‘रत्ना’ ही जात 1981 मध्ये दिली, तरी लोकांना हापूसच हवा असतो. मग हे गिऱ्हाइकाला आपण सांगायचं, की कापल्यावर त्यालाच दिसू द्यायचं? दादा गप्प राहिला आणि दुसऱ्या दिवशी डागवाल्या आंब्याचा फोटो त्यानंच पाठवला. आम्ही लिहिलं, की साका निघाला तर कापलेल्या आंब्याचा फोटो पाठवा, बदली आंबा देऊ. लोक गैरफायदा घेतील अशी त्याला धास्ती होती. घेतला नाही कुणी.

वहीच्या मागच्या बाजूला मी वेगळी नोंद ठेवते: स्वतः कधी करायचं नाही ते. तिकीट काढताना आपोआप टिक झालेला विमा, शेवटच्या पायरीला उगवणारं सुविधा शुल्क, एका क्लिकवर सुरू होणारं आणि बंद करताना दमवणारं सभासदत्व. हॅरी ब्रिगनल या ब्रिटिश डिझायनरनं 2010 मध्ये अशा क्लृप्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिलं. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 30 नोव्हेंबर 2023 रोजी अशा 13 प्रकारांची यादी करून त्यांना मनाई केली. खोटी घाई आणि टोपलीत गुपचूप भर हे त्यातलेच. 1975 पासून मुंबई ग्राहक पंचायत चालवणाऱ्या या महाराष्ट्रात विकायला बसताना हे मला विसरता येत नाही. या क्लृप्त्या चालतात, आकडे वाढतात, हेही खरं. पण माझी चीड मला आठवते आणि ती दुसऱ्याच्या घरात पेरायची माझी तयारी नाही.

आमच्याकडे घाई खरीच असते. मिरगाचा पाऊस आला की फळमाशी लागते आणि हंगाम आटोपतो. मेच्या अखेरीला आम्ही एवढंच कळवतो, की झाडावर थोडेच उरलेत, पाऊस आला की बंद. त्याला घड्याळ लागत नाही. आणि हंगाम संपल्यावर निरोप नाही. पेटीच्या पत्त्यासाठी दिलेल्या माझ्या नंबरावर दिवाळीत कुणाकुणाच्या जाहिराती येतात, ते वहीत आहे. मार्केटिंगवर लिहिणाऱ्या सेथ गोडिन यांनी आपल्या 1999 सालच्या पुस्तकात गिऱ्हाइकाशी परवानगी घेऊन बोलण्याचा आग्रह धरला होता. आम्ही शेवटच्या पेटीबरोबर विचारतो, पुढच्या वर्षी मोहोर धरला की कळवू का? जे ‘हो’ म्हणतात त्यांनाच कळवतो.

मात्र ही वही माझी एकटीची आहे आणि त्यातच तिची मर्यादा आहे. मी वाचून खरेदी करते. आमच्या आत्या वाचत नाहीत, फोन लावतात. मी त्यांना आमचंच पान उघडून दिलं आणि शेजारी गप्प बसून राहिले. त्यांनी डागांचा फोटो पाहिला नाही, मानांकन पाहिलं नाही. “घरपोच धरून किती गं?” एवढंच विचारलं. तो आकडा पानावर होता, पण तीनदा बोट सरकवल्यावर सापडेल अशा जागी. आता तो सगळ्यांत वर आहे. तेव्हापासून मी दर हंगामाआधी कुणातरी वेगळ्या माणसाच्या शेजारी असं बसते आणि काही सुचवण्याचा मोह आवरते.

यंदा एक नवा पेच आला. बंगळुरूहून एका मुलीनं साताऱ्याला आईवडिलांसाठी पेटी पाठवली. पेटी निघाल्याचा फोटो मुलीला गेला, पिकवायची चिठ्ठी आईवडिलांना मिळाली, आणि पेटी कुणाकडून आली हेच त्यांना कळेना. त्यांनी दोन दिवस ती उघडलीच नाही. पैसे देणारा एक आणि खाणारा दुसरा, अशी खरेदी मी स्वतः फारशी केलेली नाही. म्हणून या महिन्यात मामांच्या घरी बाहेरून काहीतरी भेट पाठवणार आहे, आणि ती पोचल्यावर मामी काय काय विचारतात ते ऐकून वहीत उतरवणार आहे.